पऱ्हाटी, चिकट थर आणि विहिरीतले नायट्रेट

वर्धा जिल्ह्यात माझे माहेर आहे. तिथल्या घरामागे एक विहीर आहे. वरचे वीसेक फूट मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी विदर्भात गावोगावी आढळणारी साधी विहीर. तिच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, असे आई येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे. तीन वर्षांपूर्वी भावाने त्या पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवालात जडपणा, फ्लोराइड, क्लोराइड हे सारे मर्यादेत होते. नायट्रेटपुढे मात्र लिटरला नव्वद मिलिग्रॅमच्या वरचा आकडा होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काही घटकांच्या बाबतीत दुसरा स्रोत नसेल तर हे मानक थोडी सवलत देते. नायट्रेटला ती सवलत नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, नायट्रोजनचे चक्र फळ्यावर शेकडो वेळा काढले, आणि आपल्याच घरच्या विहिरीत ते चक्र कुठे अडकले आहे हे निवृत्तीनंतर कळले, याची थोडी लाज वाटली. मात्र आमची विहीर काही अपवाद नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक होते आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होते. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव ही नावे आहेत. नकाशावर पाहिले तर हा बहुतेक सारा कापसाचा पट्टा आहे.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटीला ते दाद देत नाही, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरलाही नाही. आपल्या काळ्या जमिनीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित असते, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. मृगाच्या पेरणीनंतर दिलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा, या सगळ्यांतला नायट्रोजन जमिनीतले जीवाणू नायट्रेटमध्ये बदलतात आणि पुढच्या जोरदार सरीबरोबर ते मुरुमातून थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोहोचते.

त्याचा धोका प्रथम स्पष्टपणे मांडला तो अमेरिकेतील आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी, १९४५ मध्ये. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळे निळी पडत होती. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि मग ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांखालच्या, वरच्या दुधावरच्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे खेड्यात बाळे बहुधा अंगावर पितात, त्यामुळे हा आजार फारसा नजरेस आला नसावा असा माझा अंदाज आहे; पण तान्ह्या बाळाला ‘वरचे पाणी’ पाजण्याची हौस आपल्याकडच्या आज्यांना किती असते, हेही मला ठाऊक आहे.

गावात यावर उपाय म्हणून आरओचे यंत्र बसले. नाणे टाकले की वीस लिटरचा कॅन भरतो. पाणी चांगले येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यंत्राच्या मागच्या बाजूने निघणाऱ्या पाण्याबद्दल. जितके पाणी शुद्ध होते साधारण तितकेच पाणी वाया म्हणून बाहेर पडते, आणि मूळ पाण्यातले जवळजवळ सगळे नायट्रेट त्या वाया जाणाऱ्या पाण्यात दुप्पट दाट होऊन उतरते. आमच्या गावात ती नळी नालीत सोडलेली आहे, नाली पन्नास पावलांवर मुरुमाच्या खड्ड्यात जिरते, आणि त्या खड्ड्यापासून दोन विहिरी अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. यंत्राने नायट्रेट नष्ट केलेले नसते, केवळ एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात टाकलेले असते. आयन विनिमयाच्या पद्धतीत, म्हणजे राळेच्या दाण्यांवर नायट्रेट पकडून ते दाणे मिठाच्या पाण्याने धुण्यातही, तेच होते. तिथे शेवटी नायट्रेटने भरलेले मिठाचे पाणी उरते आणि ते कुठे टाकायचे हा प्रश्न राहतोच.

नायट्रेटचा खरोखर शेवट करणारे कारागीर वेगळे आहेत. ऑक्सिजन संपलेल्या जागी काही जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू, अशा चार पायऱ्या उतरून ते आपला श्वास पुरा करतात, आणि आपल्या हवेचा जो ७८ टक्के भाग आहे त्यातच तो वायू मिसळून जातो. या क्रियेला डीनायट्रिफिकेशन म्हणतात. हे नाव १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या गेयाँ आणि ड्युपेटी या दोघा संशोधकांनी दिले. पॅराकोकस, स्यूडोमोनास, थायोबॅसिलस अशा अनेक कुळांतले जीवाणू हे काम करतात आणि ते विकत आणावे लागत नाहीत. ओढ्याच्या गाळात, भातखाचरात, गुरांच्या हौदाच्या तळाशी ते असतातच.

मात्र हे जीवाणू वाहत्या पाण्यात मोकळे सोडले तर पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून त्यांना बसायला जागा द्यावी लागते आणि इथे बायोफिल्मचा संबंध येतो. बायोफिल्म म्हणजे जीवाणूंनी एखाद्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात स्वतःला लपेटून बांधलेली वस्ती. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मोरीच्या कोपऱ्यातला बुळबुळीतपणा, न घासलेल्या माठात आतून हाताला लागणारा गिळगिळीतपणा, सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागणारा थर, या सगळ्या बायोफिल्मच आहेत. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या लेवेनहूकने आपल्या दातांवरचा थर भिंगाखाली पाहिला तेव्हा त्याने पाहिली ती हीच वस्ती.

नायट्रेटसाठी ही वस्ती दोन कारणांनी उपयोगी आहे. एक तर ती वाहून जात नाही, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ जीवाणू राबतात. दुसरे कारण मला नेहमी अधिक सुंदर वाटत आले आहे. विहिरीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि तो असेपर्यंत हे जीवाणू नायट्रेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण थराच्या बाहेरच्या अंगाला बसलेले जीवाणू तो ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि केसाच्या जाडीइतके आत गेले की वस्तीच्या पोटात ऑक्सिजन उरत नाही. पोळीच्या कडा शेकल्या तरी मध्यभाग मऊ राहावा, तशी एकाच थरात दोन हवामाने नांदतात.

त्यांना खाऊ मात्र द्यावा लागतो. भूजलात नायट्रेट भरपूर असते, पण जीवाणूंना खाण्याजोगे सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते. विहिरीत नायट्रेट वर्षानुवर्षे तसेच पडून राहते ते त्यामुळेच. १९८० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट जीवाणूंकडून काढून घेणारी केंद्रे उभी राहिली, त्यांत इथेनॉल, ॲसेटिक आम्ल किंवा हायड्रोजन वायू हा खाऊ होता. हायड्रोजनचा मार्ग मला विशेष आवडतो, कारण त्यात पाण्यात काही सेंद्रिय उरण्याची भीती नसते. अमेरिकेत ब्रूस रिटमन यांनी यासाठी जी रचना विकसित केली तीत केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या जुड्या पाण्यात बुडवलेल्या असतात. तंतूच्या आत हायड्रोजन भरलेला असतो, तो बुडबुडा न होता भिंतीतून झिरपतो, आणि तंतूच्या बाहेर बसलेली बायोफिल्म एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने नायट्रेट घेते. नायट्रेटमधला एक ग्रॅम नायट्रोजन संपवायला हिशेबाने सुमारे ०.३६ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. रिटमन आणि नेदरलँड्सचे मार्क व्हान लूसड्रेख्त यांना २०१८ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला तो जीवाणूंकडून पाणी शुद्ध करवण्याच्या अशाच कामांसाठी.

पण हायड्रोजन काही आमच्या गावात येणार नव्हता. मला आठवले ते इस्राएलमधले एक काम. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी डीनायट्रिफिकेशनसाठी साधा कापूस वापरून पाहिला होता. कापूस हाच खाऊ आणि कापूस हीच बसायची जागा. त्यांनी वर्तमानपत्राचा कागदही वापरून पाहिला होता. त्याच सुमारास कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये लाकडाचा भुसा जमिनीत चरात भरून, वाहत येणाऱ्या भूजलाला त्यातून जायला लावण्याचे प्रयोग झाले, आणि आज आयोवात शेताच्या कडेला लाकडाच्या ढलप्यांनी भरलेले असे खड्डे अनेक ठिकाणी आहेत. लाकूड सावकाश कुजते, त्यातून जीवाणूंना थोडा थोडा खाऊ मिळत राहतो, आणि एकदा भरलेला खड्डा दहाएक वर्षे चालतो.

आमच्याकडे कापूस स्वस्त नाही, लाकूड तर मुळीच नाही; पण पऱ्हाटी आहे. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहणारी ती काटक्यांची झाडे. पूर्वी चुलीसाठी त्यांचे ढीग घरामागे रचत. आता कृषी खाते सांगते की ढीग ठेवू नका, कारण गुलाबी बोंडअळी त्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. मग बरेच जण बांधावर पेटवून देतात. बारीक तुकडे करून पाण्याखाली बुडवलेल्या पऱ्हाटीत अळीला राहायला जागा कुठली, असा माझा साधा विचार होता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत भावाच्या अंगणात दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवला. कडबा कुट्टीच्या यंत्रातून काढलेले पऱ्हाटीचे बोटभर तुकडे त्यात दाबून भरले, गुरांच्या हौदाच्या तळाचा दोन तांबे गाळ पाण्यात कालवून वर ओतला, आणि विहिरीचे पाणी नळीने ड्रमच्या तळाशी सोडून वरच्या तोटीतून बाहेर पडेल अशी सोय केली. पाण्याची धार इतकी बारीक ठेवली की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला साधारण एक दिवस लागावा. मोजायला होती माशांच्या टाकीसाठी मिळते ती रंग पाहून आकडा सांगणारी तपासणी पेटी. तिच्यावर प्रबंध लिहिता येणार नाही, पण अंगणात काय चालले आहे ते तिने नीट दाखवले.

पहिले पाच दिवस ड्रममधून काळा चहा निघत होता. रंग चहाचा आणि वास भिजलेल्या कडब्याचा. वहिनीने ते पाणी झाडांनाही घालू दिले नाही. नायट्रेट किंचित कमी झाले होते. सातव्या-आठव्या दिवशी मी नायट्राइटची चाचणी केली आणि चाचणीच्या नळीतले पाणी क्षणात गडद गुलाबी झाले. हा रंग मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा दाखवला असेल, पण या वेळी छातीत धस्स झाले. पहिली पायरी उतरणारे जीवाणू आधी वाढतात, पुढच्या पायऱ्यांचे मागाहून येतात, आणि मधल्या काळात पाण्यात नायट्राइट साचते. बाळाला निळे करते ते हेच, म्हणजे त्या आठवड्यात माझ्या ड्रममधले पाणी मूळ विहिरीपेक्षा अधिक वाईट होते. अर्धवट झालेली शुद्धी ही अशुद्धीहून घातक असू शकते, म्हणून अशा व्यवस्थेत केवळ नायट्रेट मोजून भागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुलाबी रंग फिका होत होत गेला आणि नायट्रेटचा लालसर रंगही पिवळ्याकडे वळला. एक तुकडा बाहेर काढून पाहिला. वरून तपकिरी, हाताला ताकात भिजवलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा बुळबुळीत, आणि नखाने खरवडला की राखी रंगाचा पातळ थर निघाला. तो काचपट्टीवर पसरून, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून, जुन्या महाविद्यालयात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धुक्यात दिसाव्यात तशा जांभळ्या काड्यांच्या वस्त्या, मध्ये रिकाम्या वाटा. त्या वाटांनी पाणी आत शिरते.

एप्रिलमध्ये मी चूक केली. अधिक चांगले काम व्हावे म्हणून धार आणखी बारीक केली. दोन दिवसांत अंगणभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. नायट्रेट संपल्यावर जीवाणूंनी सल्फेटकडे मोर्चा वळवला होता आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघत होता. शेजारचा, आरओ यंत्र सांभाळणारा मुलगा कुंपणावरून म्हणाला, “मॅडम, तुम्ही पाणी साफ करून राहिल्या की सडवून राहिल्या जी?” त्याला काय सांगणार? दोन्ही खरे होते. धार पुन्हा वाढवली आणि वास गेला. मे महिन्यात आम्ही सगळे पंधरा दिवस लग्नासाठी बाहेरगावी होतो, तेव्हा ड्रम कोरडा पडला आणि परतल्यावर गुलाबी रंगापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. विरजण मोडले की नवे लावावे लागते, तसेच.

या अनुभवानंतर पऱ्हाटीच्या ड्रममधले पाणी थेट पिण्यासाठी वापरा, असे मी कोणालाही सांगणार नाही. कापसावर किती फवारण्या होतात ते सर्वांना माहीत आहे, आणि काटकीत त्यांचे काय उरते ते माझ्या पेटीला कळत नाही. पाण्यात सेंद्रिय द्रव्य उतरलेले असते, त्यात क्लोरीन टाकला तर नको ती संयुगे तयार होतात. शिवाय जीवाणूंतून आलेल्या पाण्याला हवा देणे, वाळूच्या गाळणीतून काढणे आणि मग निर्जंतुक करणे हे सारे मागाहून करावेच लागते. युरोपातल्या केंद्रांमध्ये ते चोवीस तास देखरेखीखाली होते. आमच्याकडे गावचा जलसुरक्षक एकटा असतो आणि त्याच्याकडे टाकीत टीसीएल टाकण्यापासून फुटलेली पाइपलाइन जोडण्यापर्यंतची सगळी कामे असतात.

आकारमानाचाही हिशेब आहे. लाकडाच्या खड्ड्यांचे प्रसिद्ध आकडे पाहिले तर एका घनमीटरमागे दिवसाला साधारण २ ते २० ग्रॅम नायट्रोजन जातो. ऊन असलेल्या प्रदेशात वेग जास्त. हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर पाणी देताना नायट्रेट ९० वरून ३० वर आणायचे, तर रोज सुमारे ७४५ ग्रॅम नायट्रोजन काढावा लागेल. घनमीटरमागे ५ ग्रॅम धरले तर जवळजवळ १५० घनमीटरचा खड्डा लागतो. तो कोण खणणार आणि कोण भरणार?

पण असा पऱ्हाटीचा खड्डा आरओ यंत्राच्या मागच्या नळीला जोडला तर हिशेब वेगळा येतो. तिथे पाणी कोणी पिणार नाही, त्यामुळे चहाचा रंग आणि पहिल्या आठवड्यातली गुलाबी छटा यांची भीती तितकी नाही. आरंभीचे काही दिवस ते पाणी अडवून पुन्हा खड्ड्याच्या तोंडाशी आणता येते. नायट्रेट दाट असल्याने जीवाणूंना काम भरपूर मिळते आणि सल्फाइडच्या वासाची वेळ सहसा येत नाही. रोज पाच हजार लिटर शुद्ध पाणी देणाऱ्या यंत्रातून साधारण तितकेच पाणी मागे पडते आणि आमच्या विहिरीच्या आकड्याने त्यात सुमारे १८५ ग्रॅम नायट्रोजन असतो. घनमीटरमागे १० ग्रॅम धरले तर १९ घनमीटरचा खड्डा पुरेल, म्हणजे चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटरहून थोडा खोल. आतून जाड प्लॅस्टिक, शेततळ्याला लावतात तेच. वर मातीचा थर. बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त राहील, ते केळीला चालणार नाही, पण नालीत जिरले तरी शेजारच्या विहिरींत नायट्रेट तरी नेणार नाही. नायट्रोजन अर्धवट सुटला तर थोडा नायट्रस ऑक्साइड हवेत जाईल आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तापदायक वायू आहे, हे मला मान्य आहे. पण पऱ्हाटी बांधावर पेटवण्याचा धूर जमेस धरला तर हा सौदा मला महाग वाटत नाही.

ग्रामपंचायतीत हे सगळे कागदावर मांडून दिले आहे. सरपंचबाईंनी दोन प्रश्न विचारले. डास होतील का, आणि गावातली गुरे त्यात पडतील का. वर माती असल्याने दोन्ही होणार नाही, असे सांगितले. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाचा प्रश्न अधिक नेमका होता. मी गावात नसताना ती गुलाबी चाचणी कोण करणार? त्याला पेटी दिली आहे आणि ड्रमवर रोज चाचणी करायला लावली आहे. आकडे तो आरओच्या कॅनच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहितो. कालच्या नोंदीत नायट्राइटपुढे त्याने ‘फिका गुलाबी’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत, म्हणजे धार कुठेतरी बिघडली आहे; रविवारी जाऊन तोटी पाहायला हवी.